बेल्ट तुटत नसतो, तोडतात

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत दिवाळी उरकली की भात कापून होतं, खळ्यावर मळणी मशीन येतं, मशीन आधी कुणाच्या खळ्यावर लागणार यावरून भाऊबंदकी जागी होते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल्टवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर हातात तुटका बेल्ट घेऊन एक माणूस बसलेला दिसतो. त्याला वाटत असतं, आपलं काम पाच मिनिटांचं. जुना दाखवायचा, नवा घ्यायचा, पैसे टाकायचे, निघायचं. एवढ्यावरूनच ओळखावं की गडी पहिल्यांदा आलाय.

या दुकानदाराला किन्हवलीत आप्पा म्हणतात, सरळगावात तात्या, धसईकडे नुसतंच 'बेल्टवाला', आणि टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याला, 'तो चौकश्या करणारा'. हा काही एकच माणूस नाही. रस्त्याला बाजारपेठ आणि आत भाताची गिरणी असलेल्या गावात असा एक नमुना असतोच. आपण सोयीसाठी त्याला आप्पा म्हणू.

आप्पांचं वय पन्नाशीच्या पुढचं. उजव्या हाताचा अंगठा कायमचा काळा, कारण समोर येईल तो बेल्ट अंगठ्याने दाबून बघायचा ही सवय. खिशात पेन नसतं, मोजपट्टी असते. दुकान दहा बाय बाराचं. छताखाली खुंट्यांवर ए, बी, सी अशी बेल्टची घराणी टांगलेली. खाली बेअरिंग, ऑइल सील, ग्रीसचे डबे. बेल्ट विकणं हा त्यांचा धंदा आहे. मात्र बेल्ट विकायची त्यांची इच्छा आहे, असं आजवर एकाही गिऱ्हाइकाला वाटलेलं नाही.

"आप्पा, बी बावन्न द्या."

"कशाला?"

"तुटला."

"तुटला का तोडलास?"

इथून उलटतपासणी सुरू होते. मोटर किती एचपीची? मोटरवरची पुली किती इंची? दोन शाफ्टमधलं अंतर किती? किती बेल्ट लागतात, आणि त्यातला एकच बदलायला आलास की सगळे? बेल्ट चढवला कुणी? इथपर्यंत माणूस कशीबशी उत्तरं देतो. शेवटचा प्रश्न येतो: "कशाने चढवला?" आणि माणूस रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीकडे बघू लागतो. कारण बेल्ट डिसमिस घालून, उचकटून, पुली हाताने फिरवत चढवलेला असतो. सगळेच तसा चढवतात. मोटरचे चार बोल्ट ढिले करून ती पुढे सरकवायची, बेल्ट सैल बसवायचा आणि मग मोटर मागे घ्यायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बोल्ट गंजलेले असतात, चौदाचा पाना शेजाऱ्याकडे असतो आणि शेजाऱ्याशी बोलणं बंद असतं.

आप्पा मग तुटका बेल्ट हातात घेतात, हॅक्सॉच्या पात्याने आडवा कापतात आणि कापलेला तोंडवळा गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरतात. "हे बघ. हे रबर दिसतंय ना, ते सगळं भरताड. मधे पांढरे ठिपके दिसतात? ते दोरे. ओझं दोरे ओढतात आणि नाव रबराचं होतं."

आणि ते खरंच आहे. व्ही-बेल्टच्या पोटात, वरच्या बाजूला, एका ओळीत पीळ दिलेले दोरे असतात. पूर्वी ते सुती असत, मग रेयॉनचे आले, आता बहुतेक पॉलिएस्टरचे असतात. बेल्ट पुलीवर वाकला की वरचं रबर ताणलं जातं, खालचं दाबलं जातं. मधे एक थर असा असतो की ज्याला ना ताण ना दाब. दोरे नेमके त्या थरात ठेवायचे, यात बेल्ट बनवणाऱ्याची अर्धी विद्या. सगळ्यांवर रबर चोपडलेल्या कापडाचं वेष्टण. डिसमिसने उचकटताना कडेचे दोन-तीन दोरे आतल्या आत तुटतात. वरून काहीच दिसत नाही. बेल्ट चार दिवस चालतो, मग एका अंगाला ओढू लागतो, खाचेत उलटा होतो आणि ऐन मळणीत जातो. "म्हणजे तू त्याला चढवलास त्याच दिवशी मारलास," आप्पा निकाल देतात, "तो बिचारा चार दिवस उगाच चालला."

दुकानाच्या मागच्या भिंतीवर अशा मयतांचं प्रदर्शन आहे. प्रत्येकाच्या खाली पांढऱ्या रंगाने मरणाचं कारण लिहिलेलं. एका कडेने झिजलेला: दोन पुल्या एका रेषेत नव्हत्या. बाजू काचेसारख्या चकचकीत: सैल होता, घसरत राहिला, तापला. एकाच जागी खोलवर जळालेला: मशीन अडकलं, मोटर फिरत राहिली, मालक विडी ओढत होता. पोटाला आडव्या चिरा: पुली फार लहान. फुगून मऊ झालेला: तेल.

या शेवटच्या प्रकाराबद्दल आप्पा फारच हळवे आहेत. खंडेनवमीला लोक यंत्राची पूजा करतात. पुलीला झेंडूची माळ, मोटरला हळदकुंकू, सगळं रीतसर. मग कुणाला तरी वाटतं, आज सणाचा दिवस, बेल्टलाही दोन थेंब तेल पाजावं. साध्या रबराला खनिज तेल पचत नाही; ते फुगतं. निओप्रीन बरंच सोसतं, पण त्यालाही रोज तेलाची अंघोळ नको. "वर्षभर शिव्या देतात तेव्हा चालतो," आप्पा म्हणतात, "पूजा करतात आणि मारतात."

लहान पुलीचा गुन्हा मात्र जरा गुंतागुंतीचा आहे आणि तो आप्पा रंगवून सांगतात. पूर्वी गिरणीला ऑइल इंजिन असे. ते संथ फिरे. पुढे थ्री फेजची लाईन आली आणि लोकांनी इंजिनच्या जागी मोटर बसवली, जी मिनिटाला चौदाशेच्या वर फेरे मारते. गिरणीचा वेग तर वाढवायचा नव्हता. मग काय, मोटरवर छोटीशी पुली बसवली. हिशेब बरोबर आला, पण त्या छोट्या पुलीवर बेल्टला दर फेऱ्याला कमरेतून वाकावं लागतं, मिनिटाला शेकडो वेळा. बी सेक्शनला साधारण पाच इंचांच्या खालची पुली देऊ नये, सी सेक्शनला आठाच्या खालची. "तुला दिवसभर भात लावायला वाकवला तर संध्याकाळी काय होतं?" असं आप्पा विचारतात. शहापूरच्या माणसाला याहून जास्त समजावण्याची गरज नसते.

आप्पांचा इतिहास त्यांच्या वडिलांच्या गिरणीपासून सुरू होतो. तेव्हा सपाट पट्टा होता, कापडाचा नाहीतर चामड्याचा. दोन टोकं दातेरी फास्टनरने जोडायची. पट्टा घसरू लागला की राळ टाकायची, पावसाळ्यात आखडला की शिव्या द्यायच्या. इंजिन आणि चक्कीत इतकं अंतर लागे की मधून माणसं ये-जा करत. ती का करू नये हे त्यांना पट्ट्यानेच एकदोनदा शिकवलेलं असे. मग व्ही-बेल्ट आला. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात जॉन गेट्स यांनी 1917 साली रबर आणि धागा एकत्र करून तो बनवला. पाचरीच्या आकाराचा बेल्ट खाचेत जितका ओढावा तितका दोन्ही भिंतींना घट्ट धरतो. बेल्टच्या दोन बाजूंमधला कोन 40 अंशांचा. गणित मांडलं तर सपाट पट्ट्यापेक्षा पकड जवळपास तिप्पट निघते. त्यामुळे ताण कमी लागला, अंतर कमी लागलं, गिरणी छोट्या शेडमध्ये मावली.

"आता गंमत बघ," म्हणून आप्पा पुढचं सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बारीक होतो. बेल्टचा कोन 40 आणि पुलीच्या खाचेचा मात्र 38, 36, अगदी 34 सुद्धा. हा काय कारागिराचा घोटाळा? नाही. बेल्ट वाकला की पोट फुगतं आणि पाठ आवळते, म्हणून कोन कमी होतो. पुली जितकी लहान तितका जास्त वाकणार, म्हणून तितका खाचेचा कोन कमी. वाकल्यावर बेल्ट बरोब्बर बसतो. हे ज्याने पहिल्यांदा ओळखलं त्याच्या नावाने आप्पा हात जोडतात. त्याचं नाव त्यांना माहीत नाही. पण नाव माहीत नसलेल्या देवाला हात जोडायची आपल्याकडे रीतच आहे.

त्यांच्या दोन तीर्थयात्रा ठरलेल्या आहेत. एक पंढरपूरची, जी झाली. दुसरी नागपूरची, जी व्हायची आहे. नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत पिक्स ट्रान्समिशन्स ही 1981 साली सुरू झालेली कंपनी बेल्ट बनवते. बेल्टची पोळी कशी लाटतात, दोरा कसा गुंडाळतात, साच्यात घालून वाफेवर कसा पक्का करतात, हे एकदा डोळ्यांनी बघावं एवढीच इच्छा. घरच्यांनी विचारलं, नागपूरला दीक्षाभूमी आहे, फुटाळा तलाव आहे, संत्री आहेत, ते नाही का बघणार? आप्पा म्हणाले, वेळ उरला तर.

घरात त्यांची सौ. या सगळ्याला जुनी सरावलेली आहे. लग्नानंतर त्यांनी तिला पहिली भेट आणली ती शिलाई मशीनचा नवा चामडी पट्टा. मुलीच्या लग्नात वऱ्हाड दारात आलं तेव्हा आप्पा मांडवामागे जनरेटरचा आवाज ऐकत उभे होते. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. घाटावरून आणि कोकणातून माणसं येतात, बैलांचे दात बघून सौदे होतात, घोंगड्या विकल्या जातात. आप्पाही जातात. ते रसवंतीसमोर उभे राहतात. रस पीत नाहीत. मोटरपासून चरकापर्यंतच्या बेल्टकडे एकटक बघतात आणि शेवटी रसवाल्याला म्हणतात, "तुझा बेल्ट खाचेच्या तळाला टेकतोय. पुली खाल्ली गेलीय. नवा बेल्ट घालून उपयोग नाही." रसवाला म्हणतो, "काका, फुल की हाफ?"

पुली खाल्ली जाणं हा त्यांचा आवडता विषय. बेल्ट खाचेच्या दोन भिंतींवर चालायला हवा, तळाला टेकता कामा नये. टेकला की पाचर संपली, तो पुन्हा साधा पट्टा झाला. आणि भाताच्या गिरणीत पुली झिजते ती तुसाने. तुसात सिलिका भरपूर; ती उडते, खाचेत बसते आणि लोखंड घासत राहते. झिजलेल्या पुलीवर नवा बेल्ट घालणाऱ्याला आप्पा बेल्ट देत नाहीत. "आधी पुली आण." गिऱ्हाईक चिडतं, पुढच्या दुकानात जातं, बेल्ट घेतं, महिन्याने परत येतं. तोवर आप्पांनी त्याच्यासाठी भिंतीवर जागा करून ठेवलेली असते.

शेतीच्या बेल्टला कारखान्याच्या बेल्टपेक्षा जास्त सोसावं लागतं, हे त्यांचं ठाम मत, आणि त्यात तथ्य आहे. कारखान्यातला पंखा किंवा पंप एका लयीत फिरतो. मळणी मशीनमध्ये एकजण भाऱ्याचा भारा कोंबतो, दुसरा फोनवर बोलतो, मग दोघं मिळून दोन भारे कोंबतात. दर वेळी झटका. काही छोट्या टिलरमध्ये तर बेल्टच क्लच असतो: लिव्हर ओढली की रोलर बेल्टला दाबतो आणि मशीन चालू लागतं, सोडली की बेल्ट सैल. म्हणजे त्याने घसरायचंही आणि जळायचंही नाही. अशा बेल्टला वेगळं वेष्टण आणि न ताणणारा दोरा लागतो; म्हणून त्यात अरामिड घालतात. त्यातला केव्हलार हा प्रकार 1965 साली स्टेफनी क्वोलेक या बाईंनी अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत शोधला. तोच धागा बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटातही असतो. "गोळी अडवेल," आप्पा म्हणतात, "पण आमच्याकडचा उंदीर नाही." कारण हंगाम सरला की बेल्ट मशीनवरच, ताणलेल्या अवस्थेत, पडवीत महिनोन्‌महिने पडून राहतो, आणि दोन्ही तालुक्यांतल्या पावसाळ्यात उंदरांना दुसरी करमणूक नसते.

एकदा एका कंपनीचा तरुण इंजिनियर दुकानात आला. हातात लॅपटॉप, पायात पांढरे बूट, जे आसनगाव स्टेशनपासून दुकानापर्यंत येईतो पांढरे राहिले नव्हते. त्याने आप्पांना डिझाइनची रीत समजावली. मोटरची ताकद घ्यायची, तिला सर्व्हिस फॅक्टरने गुणायचं. मशीन हलकं असेल तर फॅक्टर कमी, झटके देणारं असेल तर जास्त, रोज सोळा तासांच्या वर चालत असेल तर आणखी जास्त. साडेसात एचपीची मोटर आणि 1.4 चा फॅक्टर असेल तर बेल्ट साडेदहा एचपीच्या हिशेबाने निवडायचा.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तक्ता बरोबर आहे, साहेब. पण मालकाचा रकाना कुठाय?"

"मालकाचा?"

"मशीन मालक स्वतः चालवत असेल तर तुमचा फॅक्टर ठीक. पगारी माणूस चालवत असेल तर पाव वाढवा. तीन भावांत मिळून मशीन असेल तर दीडपट करा, कारण ग्रीस कुणी भरायचं हे कोर्टात ठरेल. आणि मशीन मेव्हण्याकडून मागून आणलेलं असेल तर बेल्ट देऊच नका, साखळी द्या."

इंजिनियरने हे लिहून घेतलं की नाही ठाऊक नाही. पण लॅपटॉप मिटला एवढं खरं.

मग तो उत्साहाने म्हणाला, आता दातेरी टायमिंग बेल्ट घ्या, अजिबात घसरत नाही. यावर आप्पा पहिल्यांदाच रागावले. "घसरत नाही हा गुण कुणाला सांगता? भाऱ्यातून दगड आला तर?" व्ही-बेल्ट किंचाळतो, घसरतो, वेळ पडली तर तुटतो, पण शाफ्ट आणि बेअरिंग वाचवतो. बेल्ट काही शे रुपयांचा, शाफ्ट काही हजारांचा. मजबूत बेल्ट म्हणजे कधीच न तुटणारा नव्हे. रोजच्या कामात न तुटणारा आणि आणीबाणीत आधी तुटणारा. हे वाक्य ऐकून इंजिनियर जरा गप्प झाला, कारण त्याच्या पुस्तकात हेच इंग्रजीत, तीन पानं लावून लिहिलं होतं.

या शहाणपणाचा धंद्यावर व्हायचा तो परिणाम होतोच. ज्यांनी आप्पांचं ऐकलं त्यांचे बेल्ट वर्षानुवर्षं चालतात. त्यांनी दोरी धरून पुल्या एका रेषेत आणल्या, मीटरभर अंतराला अंगठ्याखाली सोळा मिलिमीटर दबेल इतकाच ताण ठेवला, नवा बेल्ट दिवसभर चालवून पुन्हा ताणला, तीन बेल्ट असतील तर तिन्ही एकदम बदलले, हंगाम संपल्यावर काढून सावलीत खुंटीला लावले. असली गिऱ्हाइकं आप्पांना रस्त्यात आदराने नमस्कार करतात आणि दुकानात कधीच येत नाहीत. दुकान चालतं ते न ऐकणाऱ्यांवर. सौ. म्हणते, "सगळ्यांनी तुमचं ऐकलं तर आपण खायचं काय?" आप्पा म्हणतात, "घाबरू नकोस, सगळे कधीच ऐकणार नाहीत." इतका व्यवहारी विचार त्यांनी दुसऱ्या कुठल्या बाबतीत केल्याचं ऐकिवात नाही.

एका गोष्टीत मात्र ते विनोद करत नाहीत. फिरत्या पुलीवर बेल्ट चढवणाऱ्याला ते दुकानातून हाकलतात. जाळी, म्हणजे गार्ड, काढून ठेवणाऱ्यालाही. मळणी मशीनने इतक्या माणसांचे हात नेले की देशाला 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. पदर, उपरणं, टॉवेल, सैल बाही, कशालाही पुली सोडत नाही. आप्पांच्या माहितीतला एक जण आता डाव्या हाताने सही करतो. त्याचं नाव ते घेत नाहीत. भिंतीवर त्या बेल्टला जागा दिलेली नाही.

तर तो इंजिनियर निघता निघता म्हणाला, "आप्पा, कंपनीला डिझाइनमध्ये एखादी सुधारणा सुचवायची असेल तर सांगा. मी वर कळवतो." अशी विचारणा आप्पांना आयुष्यात प्रथमच झाली होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"दोरा चांगलाय. रबर चांगलं. कापडही चांगलं. फक्त बेल्टच्या पाठीवर तुम्ही कंपनीचं नाव आणि नंबर छापता ना, तिथे थोडं मराठीत छापा."

"काय छापू?"

"आधी मशीन बंद कर. मग मोटरचे बोल्ट ढिले कर. डिसमिस खाली ठेव. पुली बघ. पुली खराब असेल तर मला परत दुकानात नेऊन दे."

इंजिनियरने मोजपट्टीकडे बघितलं. "आप्पा, बी सेक्शनची पाठ सतरा मिलिमीटरची. एवढं त्यात मावणार नाही."

"मग सी सेक्शनपासून सुरुवात करा," आप्पा म्हणाले, "बावीस आहे."